जगज्जेता संघात होता, मैदान मात्र नव्हते

१९९६ साली मोटरसायकल स्पीडवेचा जगज्जेता ठरलेला अमेरिकन रायडर बिली हॅमिल आणि त्याच स्पर्धेत तिसरा आलेला ग्रेग हॅनकॉक हे दोघेही इंग्लंडमध्ये एकाच क्लबकडून धावत होते आणि तो क्लब त्याच हंगामाच्या अखेरीस बंद पडला. संघ बुडतो तो खेळाडू कमकुवत झाले म्हणून किंवा प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. क्रेडली हीथन्स या संघाची गोष्ट त्या समजुतीत बसत नाही आणि म्हणूनच त्याच्या चाहत्यांची हळहळ इतकी वर्षे टिकून राहिली असावी. त्या चाहत्यांपैकी एक सध्या सोलापुरात, जुळे सोलापुरात राहतात. ते माझे थोरले मामा.

मामा १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला असलेल्या, ब्लॅक कंट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखानी पट्ट्यात एका ओतकाम कारखान्यात निवृत्तीपर्यंत राबले. परत येताना त्यांनी बरेच काही तिकडेच सोडले; पण सामन्यांच्या पुस्तिकांनी भरलेली एक पत्र्याची पेटी मात्र बरोबर आणली. मामींचा त्या पेटीवर अजूनही राग आहे, कारण तिच्यामुळे त्यांचा मिक्सर तिकडे राहिला असे त्यांचे म्हणणे आहे.

स्पीडवे म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. लंबवर्तुळाकार, मातीच्या ट्रॅकवर चार रायडर घड्याळाच्या उलट्या दिशेने चार फेरे मारतात आणि साधारण मिनिटाभरात शर्यत संपते. गाडी ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे, पुढचे चाक वळणाच्या विरुद्ध दिशेला धरायचे आणि पोलादी तळ चढवलेला डावा बूट जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा, हीच या खेळातली खरी विद्या. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य. प्रत्येक शर्यतीत यजमान संघाचे दोन आणि पाहुण्या संघाचे दोन रायडर असतात. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी. अशा तेरा-पंधरा शर्यतींचा मिळून एक सामना होतो आणि अधूनमधून ट्रॅक्टर फिरून उधळलेली माती पुन्हा सारखी करून जातो. इंजिनात एरंडेलापासून बनवलेले वंगण वापरत, त्यामुळे त्या ट्रॅकभोवती जळक्या एरंडेलाचा एक गोडसर वास भरून राहत असे. ज्यांनी तो एकदा घेतला ते चाहते बाकी सगळे विसरतील, पण त्या वासाविषयी बोलल्यावाचून राहणार नाहीत.

मामांच्या पुस्तिकांमध्ये छापील मजकूर थोडा आणि हाताने लिहिलेला जास्त आहे. प्रत्येक शर्यतीपुढे रिकाम्या चौकटी असतात आणि प्रेक्षकाने त्यात गुण, वेळ आणि एकूण बेरीज पेनाने भरत जायचे असते. स्टेडियममधले हजारो लोक एकाच वेळी मान खाली घालून बेरीज करीत असत, असे मामा सांगतात. मला यात या खेळाच्या आठवणींचे मर्म दिसते. आपल्याकडे गड्डा यात्रेत होम मैदानावर मौत का कुआँ लागतो. लाकडी फळ्यांच्या भिंतीवर मोटरसायकल आडवी फिरवणारे ते रायडर धैर्यात कोणापेक्षाही कमी नसतात, आणि आपण लहानपणापासून वर उभे राहून, कठड्याला रेलून त्यांना पाहत आलो आहोत. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही. मागच्या वर्षी आलेला यंदा आला की नाही, हेही आपल्याला कळत नाही. क्रेडलीचा चाहता मात्र आपल्या रायडरचा दर शनिवारचा गुण स्वतःच्या हाताने लिहीत होता. ज्याचा हिशोब आपण ठेवलेला असतो, तो माणूस सहजासहजी विस्मरणात जात नाही.

क्रेडली हीथ हे गाव साखळ्या बनवणाऱ्यांचे. घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर बायका हातोड्याने कड्या जोडत असत आणि १९१० साली याच गावातल्या साखळी-कामगार बायकांनी दहा आठवडे लढून किमान वेतन पदरात पाडून घेतले. विडी कामगार स्त्रियांचे मोर्चे पाहत वाढलेल्या सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशा गावाच्या कडेला, डडली वुड स्टेडियममध्ये, १९४७ साली स्पीडवे सुरू झाला. बरीच वर्षे हा संघ फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता आणि मामांच्या मते त्या पराभवाच्या वर्षांतच खरे चाहते तयार झाले. पुढे आले ते केवळ प्रेक्षक. हे त्यांचे मत मला अर्धेच पटते, कारण मामा स्वतः पेनहॉल हा रायडर संघात आल्यावरच नियमित जाऊ लागले होते, हे पुस्तिकांच्या तारखांवरून दिसते.

ब्रूस पेनहॉल हा कॅलिफोर्नियाचा देखणा तरुण. १९८१ साली वेम्बली स्टेडियमवर झालेल्या अंतिम स्पर्धेत तो जगज्जेता झाला आणि वेम्बलीवर झालेली ती शेवटची जागतिक अंतिम स्पर्धा ठरली. त्याच वर्षी क्रेडलीने ब्रिटिश लीगचे विजेतेपद प्रथमच मिळवले. पुढच्या वर्षी अंतिम स्पर्धा अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये भरली. हॅलिफॅक्सचा केनी कार्टर आणि पेनहॉल यांची त्या रात्रीची शर्यत आजही वादाचा विषय आहे; कार्टर पडला, पंचांनी बाद केले ते कार्टरलाच आणि पेनहॉलने सलग दुसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. त्यानंतर विजेत्याच्या चौथऱ्यावर उभा असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली, कारण टीव्ही मालिकेत मोटरसायकलवरच्या पोलिसाची भूमिका त्याची वाट पाहत होती. हंगाम अजून संपलेला नव्हता. १९८२ ची लीग बेल व्ह्यूने जिंकली आणि १९८३ ची पुन्हा क्रेडलीने. दोन विजेतेपदांच्या मधला तो रिकामा खण मामांना आजही खुपतो. "माणूस चांगला होता हो, पण हंगाम तरी पुरा करायचा की," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहे. गंमत अशी की त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर फोटो मात्र पेनहॉलचाच आहे.

एरिक गुंडरसनविषयी बोलताना मामांचा सूर वेगळा असतो. हा डेन्मार्कचा शांत, हसतमुख रायडर १९८४, १९८५ आणि १९८८ असा तीनदा जगज्जेता झाला. त्यातही १९८५ साली ब्रॅडफर्डला तीन रायडरांचे गुण समान झाल्याने निकालासाठी आणखी एक शर्यत खेळवावी लागली आणि हान्स नील्सन व सॅम एर्मोलेन्को यांना मागे टाकून तो जिंकला. १७ सप्टेंबर १९८९ रोजी त्याच ब्रॅडफर्डच्या ओड्सल स्टेडियमवर जागतिक सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी होती. पहिल्याच शर्यतीच्या पहिल्या वळणावर चौघेही रायडर एकमेकांवर आदळून पडले. त्यांत इंग्लंडकडून धावणारा सायमन क्रॉस होता, जो क्रेडलीत गुंडरसनचाच सहकारी होता. गुंडरसनच्या मानेला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. तो वाचेल की नाही याचीच शंका होती. तो वाचला, हळूहळू पुन्हा चालायला शिकला आणि पुढे डेन्मार्कच्या संघाचा व्यवस्थापकही झाला, परंतु शर्यतीत पुन्हा उतरणे त्याला शक्य झाले नाही. मामांच्या त्या आठवड्यातल्या पुस्तिकेत गुणांच्या चौकटी नेहमीसारख्याच भरलेल्या आहेत; कारखान्यात त्या दिवसांत कोणी कोणाला चेष्टेनेही काही बोलत नव्हते, एवढेच ते सांगतात. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, क्रेडलीचाच दुसरा डॅनिश रायडर यान ओ. पेडरसन गोथेनबर्गला पाचपैकी पाचही शर्यती जिंकून जगज्जेता झाला.

पेनहॉलची दोन, गुंडरसनची तीन, पेडरसनचे एक आणि हॅमिलचे एक, अशी १९८१ ते १९९६ या सोळा हंगामांत सात जागतिक विजेतेपदे क्रेडलीच्या रायडरांनी मिळवली. कोणत्याही मोठ्या शहराला अभिमान वाटावा असा हा हिशोब एका लहानशा कारखानी गावाच्या नावावर आहे. असे असूनही १९९५ च्या हंगामानंतर डडली वुड स्टेडियमची जागा घरबांधणीसाठी गेली आणि संघाला निघावे लागले.

इथे स्पीडवेची एक खासियत लक्षात घ्यायला हवी. क्रिकेटची खेळपट्टी वेगवेगळी असली तरी बावीस यार्डच असते. स्पीडवेचा ट्रॅक मात्र प्रत्येक गावी निराळा असतो. कुठे वळणे घट्ट, कुठे सरळ भाग लांब, कुठे माती भरड तर कुठे गुळगुळीत. कुठल्या वळणावर बाहेरच्या बाजूने माती जास्त साचते आणि तिथे चाकाला पकड मिळते, हे घरच्या रायडरला पायाच्या तळव्याने कळत असते. यजमान संघाचा निम्मा जोर त्या मातीत असतो. म्हणून ट्रॅक गेला की संघाकडे केवळ करारपत्रे उरतात. १९९६ मध्ये क्रेडलीचा संघ साठेक किलोमीटर उत्तरेला, स्टोकच्या ट्रॅकवर, जोडनाव लावून धावला. जगज्जेता संघात होता. तरीही क्रेडलीच्या गर्दीला ते घर वाटले नाही आणि स्टोकच्या लोकांना हा संघ आपला वाटला नाही. मामा त्या हंगामात एकदाच गेले. रायडरांचे मात्र अडले नाही. हॅनकॉक पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीकडे गेला आणि जगज्जेता झाला. पुढे २०११, २०१४ आणि २०१६ अशी आणखी तीन विजेतेपदे त्याने मिळवली, त्यातले शेवटचे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. मामांना त्याचा आनंद झाला, पण हॅनकॉकचे यश ते क्रेडलीच्या हिशोबात धरत नाहीत.

योगायोग असा की आपल्याकडची येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखानाही १९९६ मध्येच थांबला. जावाचे नाते स्पीडवेशीही आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोवचा एसो कारखाना १९६४ मध्ये जावाने घेतला आणि तिथल्या ब्रेक नसलेल्या गाड्या जगभरच्या ट्रॅकवर धावल्या. येझदीवेड्यांनी आपली हळहळ गाडी दुरुस्त करण्यात घातली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले गाड्या काढून एकत्र जमतात आणि आता ही नावे नव्या गाड्यांवर परतही आली आहेत. हे जमले, कारण गाडीला कुठलाही रस्ता चालतो. क्रेडलीच्या चाहत्यांकडे जुन्या गाड्या, जाकिटे, बिल्ले, पुस्तिका असे सगळे होते. त्यांना गाडी फिरवायला तीनशे मीटरभर मातीचे वळण तेवढे नव्हते.

तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही. २०१० मध्ये हीथन्सचे नाव खालच्या लीगमध्ये परत आले आणि पुढे क्रेडली हे नावही त्याला पुन्हा जोडले गेले. घरचे सामने मात्र मुख्यतः होत असत ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीनवर, म्हणजे ज्यांच्याशी उभ्या जन्माचे हाडवैर त्यांच्याच अंगणात. तरुण चाहत्यांना यात काही वावगे वाटले नाही. माझ्या मावसभावाने, जो तिकडेच वाढला, त्या सामन्यांची चित्रफीत मामांना मोठ्या उत्साहाने पाठवली होती. मामांनी ती पूर्ण पाहिली, रायडरांचे कौतुकही केले आणि अखेरीस विचारले, "पण लाल हेल्मेटवाले घरचे म्हणायचे ते कशाच्या जोरावर?" मला त्यांचा हा प्रश्न हट्टाचा वाटतो, कारण हौसेने उभ्या केलेल्या गोष्टीला एवढी सूट द्यायला हरकत नसावी, पण ट्रॅकविषयीचे त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

२०२३ चा हंगाम संपला तेव्हा खुद्द वुल्व्हरहॅम्प्टनलाही मॉनमोर ग्रीन सोडावे लागले. त्याआधी कॉव्हेंट्रीचा संघ ब्रँडन स्टेडियमवर २०१६ मध्ये शेवटचा धावला होता. वुल्व्हरहॅम्प्टनची बातमी मी मामांना सांगितली, तेव्हा जुना शत्रू पडल्याचा थोडाफार आनंद त्यांना होईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पेटी उघडायला सांगितली, वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या सगळ्या पुस्तिका वेगळ्या काढल्या आणि तिकडच्या एका जुन्या वुल्व्ह्ज समर्थक सहकाऱ्याला फोन लावायला लावला. सांत्वनाची दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोच कुठल्याशा शर्यतीत कोणाला बाद करायला हवे होते यावरून दोघांची जुंपली आणि मामा पुस्तिकेतली बेरीज मोठ्याने वाचून दाखवू लागले.