कौलारू घराची सावली रंगवताना

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका रंगवून काढायच्या चित्रात, कोकणातले कौलारू घर काढायला घेतले तेव्हा ३२ × ३२ पिक्सेलच्या चौकटी आणि सगळ्या चित्रासाठी मिळून १६ रंग, अशी मर्यादा मी घालून घेतली होती. कौलांचा मूळ रंग रंगचक्रावर १८ अंशांवर, म्हणजे तांबूस नारिंगीवर धरला आणि सावलीसाठी ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, तो अंश तसाच ठेवून फक्त उजळपणा ८० वरून ६०, ४० आणि २२ असा उतरवत नेला. कौले काजळी धरल्यासारखी दिसू लागली. दोष आकारात असेल असे समजून मी दोन संध्याकाळी नुसते पिक्सेल हलवत बसलो.

उलगडा झाला तो चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर भर दुपारी पडलेली वळचणीची सावली नीट पाहिल्यावर. ती स्पष्ट निळसर होती. सूर्याचे थेट ऊन तिथे अडते, पण मोकळ्या आकाशाचा निळा उजेड तिथे पोहोचतच असतो, आणि मी तोच वगळला होता. मग कौलांची सावली १८ वरून ४, तिथून ३४० आणि शेवटी २६५ अंशांवर, म्हणजे तांबड्यातून जांभळ्याकडे नेली आणि मधल्या पायऱ्यांचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, थोडे वाढवले. छप्पर उन्हात आले.

शेवटच्या पायरीने मात्र त्रास दिला. उजळपणाचा आकडा तोच असला तरी निळा रंग डोळ्याला फार गडद भासतो; पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या तेजात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो, तर निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे २२ उजळपणाचा जांभळा जवळजवळ काळाच दिसत होता. चित्राची करडी प्रत शेजारी उघडून, पायऱ्या ताडून पाहत, मी तो ३४ पर्यंत चढवला.

अंगणातल्या झेंडूने वेगळाच पेच टाकला. रंगचक्रावर पिवळा निळ्याच्या जवळजवळ समोर असल्याने सावलीच्या निळ्याकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा सारख्याच लांब पडतात, पण हिरव्याच्या वाटेने गेलेला झेंडू शेवाळलेला दिसतो. म्हणून ५२ वरून ३६ आणि तिथून १८ अशी नारिंगीची वाट धरली. हा १८ अंशांचा रंग म्हणजे कौलांचाच मूळ रंग, त्यामुळे १६ रंगांतली एक जागा वाचली. पानांची सर्वांत गडद सावलीही कौलांच्या जांभळ्यातच मिळवली, कारण इतक्या गडद पट्ट्यात ह्यूमधला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही.

या आनंदात मी पडवीच्या छपराची आतली बाजूही निळसर केली आणि ते साफ चुकले. तिथे आकाश पोहोचत नाही. अंगणातल्या तांबड्या मातीवरून उसळलेले ऊन खालून वर येते. वाचलेल्या जागेत १० अंशांचा मंद तांबूस रंग घेतला आणि पडवीची आतली बाजू त्याने भरली.