होडी शाकारली, इंजिनाचं काय?

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की कोकणात हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, सगळीकडे एकच घाई. जाळी उतरवा, होडी वर ओढा, झापं-ताडपत्री टाकून शाकारून घ्या. लाकडाची काळजी नीट घेतली जाते. इंजिन मात्र शेवटच्या फेरीहून आलं तसंच बंद होतं, ते थेट ऑगस्टच्या तोंडावर आठवतं. तोवर पंपात, पाइपात आणि कूलरमध्ये (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणारा भाग) तेच खारं पाणी.

थंड देशांत इंजिन बांधून ठेवतात ते गोठण्याच्या भीतीने. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला (इंजिनाच्या ओतीव अंगाला) तडा जातो. म्हणून तिकडच्या पुस्तिकेत पहिलं काम पाणी काढण्याचं. ते वाचून आपल्याकडेही काहीजण पाणी काढायचा ड्रेन कॉक उघडतात आणि झालं म्हणतात. कोकणात हे उलटं पडतं. आपल्याकडे खातं ते मीठ आणि दमट हवा. भरलेल्या पाइपात हवा कमी, म्हणून गंज हळू चढतो. पाणी अर्धवट काढलं की भिंतींना मिठाचा ओला थर राहतो आणि वरून मोकळी हवा मिळते. लोखंड गंजवायला आणखी काय हवं? आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग कूलंटने (इंजिन थंड ठेवणारं, गंज रोखणारं द्रव) पूर्ण भरून ठेवायचं. मधलं काही ठेवायचं नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा. धुण्यासाठी इंजिन चालवावंच लागतं, तर त्याच एका चालवण्यात बाकीची कामंही उरकतात. आधी इंजिन गरम करून जुनं तेल काढा. वापरलेल्या तेलात काजळी, पाणी आणि आम्ल असतं; ते दोन महिने बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. ‘ऑगस्टमध्ये बदलू’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा. नवीन फिल्टर, नवीन तेल (बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४० या दाटपणाचं, तरी इंजिनाच्या पाटीवर बघा). गिअरबॉक्सचं तेलही काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) फुटून; ते आत्ताच उघडा.

त्यानंतर डिझेल. टाकीच्या तळाच्या कॉकमधून लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास उभं ठेवा. खाली पाण्याची रेघ दिसली तर स्वच्छ येईपर्यंत काढत राहा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच बुरशी आणि जंतू वाढतात, आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात फिल्टरमध्ये काळा चिकट गाळ येतो. टाकी एकतर जवळपास काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी ठेवा. अर्ध्या टाकीत रोज रात्री घाम सुटतो. भरून ठेवणार असाल तर बुरशीनाशक डब्यावरच्या मापाने टाका, अंदाजाने नाही. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला आणि हातपंपाने नळीतली हवा काढा.

आता धुणं. समुद्राचा कॉक बंद करा, पंपाची ओढती नळी सोडवून २०० लिटरच्या ड्रममध्ये बुडवा. ड्रम पटकन संपतो, म्हणून दुसरी नळी ड्रममध्ये वाहती ठेवा. नळ थेट पंपाला जोडू नका. ज्यांच्या सायलेन्सरमध्ये पाणी सोडलेलं असतं, त्यांचं इंजिन बंद असताना नळाच्या दाबाने सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलेंडरमध्ये येतं. होडी जमिनीवर असेल तर गिअर अजिबात टाकू नका. पंख्याच्या शाफ्टचं रबरी बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडं फिरलं की जळतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप) असेल तर इंजिन पुरतं गरम होऊ द्या, नाहीतर ब्लॉकमधलं मीठ तिथेच राहतं. शेवटी नळी १० लिटर कूलंट-पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात घाला, बाहेर रंग दिसेपर्यंत चालवा, बंद करा. मोठ्या इंजिनाला जास्त लागेल. बाहेर पडलेलं मिश्रण बादलीत धरा. ते विषारी असतं आणि चवीला गोड, वाडीतली कुत्री चाटतात.

पंपाचं झाकण उघडून इम्पेलर (आतलं पात्यांचं रबरी चाक) काढून घ्या. दोन महिने एकाच बाजूला दाबून राहिलेल्या पात्या तशाच वाकड्या होतात. एखादी पाती तुटलेली दिसली तर तुकडा शोधल्याशिवाय सोडू नका. तो पुढे कूलरच्या नळीत अडकलेला असतो. कूलरमधली झिंकची कांडी (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारी) निम्मी झाली असेल तर बदला.

आता पाऊस. रत्नागिरीकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उभ्या सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे. वर नुसता डबा उपडा घातला तर वाऱ्याने उडतो. जाड प्लास्टिक घालून रबराच्या पट्टीने बांधा, एअर फिल्टरचं तोंडही बांधा, आणि स्टार्टरच्या बटणावर चिठ्ठी लटकवा: ‘तोंड बांधलंय’. दर पंधरवड्याला स्टॉप लिव्हर (डिझेल तोडणारा दांडा) ओढून, पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन दोन फेरे आणि वर पाव फेरा फिरवा, म्हणजे पिस्टन त्याच जागी थांबत नाही. सिलेंडरला आतून तेल लागावं म्हणून एअर इनटेकमधून तेल ओतायचा उद्योग चालू इंजिनवर करू नका; डिझेल इंजिन तेलावरही पळतं आणि मग चावीने थांबत नाही.

ताडपत्री इंजिन रूमवर घट्ट ताणू नका, दोन्ही टोकांना हवा खेळू द्या. तळाचं बूच काढून ठेवा. बॅटऱ्या घरी न्या, पूर्ण चार्ज करा, १२.४ व्होल्टच्या खाली आल्या की पुन्हा लावा. वायरी उंदरांच्या तोंडी जातात, त्यावर मात्र ठोस उपाय नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी इंजिन सुरू करताना पहिलं काम चिठ्ठी वाचून तोंडं सोडणं. मग इम्पेलरला थोडं ग्लिसरीन लावून बसवा, डिझेलच्या नळीतली हवा काढा, स्टॉप ओढून स्टार्टर थोडा थोडा मारत तेलाचा दाब दिसू द्या, मगच पेटवा. शाफ्टची कपलिंग (इंजिनाकडचा जोड) मात्र किनाऱ्यावर तपासू नका. लाकडी होडी पाण्यात उतरून दोन-तीन दिवस फुगली की मापं बदलतात. तेव्हा बोल्ट सैल करून चार बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ४ इंचांच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर इंजिनाचे पाय हलवावे लागतील.