वळवाचा अंदाज आणि बावीस मिलिमीटर

मे महिना, सोलापूर जिल्हा, पारा ४२च्या वर. अशात अंदाज आला: दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, वारा ताशी ४० ते ५० किलोमीटर, पिवळा इशारा. कृषी हवामान केंद्रातले आमचे फोन वाजू लागले. सगळ्यांचं एकच, ‘आमच्याकडं पडंल का?’ तुरळक ठिकाणी म्हणजे पाऊस मोजणाऱ्या चार केंद्रांतल्या जेमतेम एकावर, हे ऐकलं की समोरचा गप्प.

सकाळी साडेआठला कोरड्या आणि ओल्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या) तापमापीतलं अंतर आदल्या दिवसापेक्षा बरंच घटलेलं. म्हणजे दमट हवा पोचली होती, आणि विदर्भापासून कर्नाटकापर्यंतचा कमी दाबाचा पट्टा जवळूनच जात होता. अडचण जमिनीलगतच्या तापलेल्या हवेच्या थराची. असल्या उन्हात ढगाचा तळ अडीच-तीन किलोमीटरवर राहतो आणि थेंब वाटेतच आटतात. त्यानं गार, जड झालेली हवा खाली आदळते. म्हणून आधी धुरळा, पत्रे उडणं; पाऊस मागाहून, नाहीतर नाहीच.

साडेतीनला रडारवर दक्षिणेकडे ढग दिसला आणि पाऊण तासात विरला. पण त्यातून सुटलेल्या गार झोताच्या कडेवर दुसरा उभा राहिला, चांगला दणकट, थेट आमच्या बाजूला. नेमकं गाव सकाळीच सांगा म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं. तिथं पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशाराच कामाचा.

साडेपाचला पर्जन्यमापक पाहिला. नरसाळ्यात उन्हाळाभराची माती, कडुनिंबाचा पाला आणि वर गारा, पाणी तुंबलेलं. तसंच मोजलं तर आकडा कमीच येणार. काडीनं भोक मोकळं केलं, मोजून घेतलेलं कोमट पाणी ओतून गारा वितळवल्या आणि तेवढं पाणी वजा केलं. उरले २२ मिलिमीटर. सहा-सात किलोमीटरवरचं गाव कोरडं ठाक.

बावीस मिलिमीटर म्हणजे हेक्टरी २ लाख २० हजार लिटर. ऐकायला भरपूर. पण या दिवसांत बाष्पीभवन दिवसाला दहाएक मिलिमीटर, शिवाय काळ्या रानाच्या भेगा बरंच गिळतात. दुसऱ्या दिवशी फोन पेरणीचेच. त्यांना सांगितलं, वाफसा येताच, म्हणजे चिखल सरून रान मशागतीजोगं ओलं राहताच, कुळवाची पाळी घाला, नांगरटीची ढेकळं आत्ताच फुटतील, तणही उगवून मोडता येईल. बियाण्याची पिशवी मात्र मोसमी पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर होईस्तोवर फोडू नका.