नम लॉकचा दिवा

मार्च २०१९. सोमवार होता, म्हणजे कारखान्याला सुट्टी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी सकाळी साडेदहाला पोचलो आणि मालकांना छातीठोकपणे सांगून बसलो, "जेवायच्या आत चालू करून देतो." दुपारी दीड वाजला तरी मी पडद्यावरच्या 'नेक्स्ट' या एका बटणाकडं नुसता बघत बसलो होतो. ते दाबायला ना माऊस हलत होता, ना कीबोर्ड ऐकत होता.

काम तसं किरकोळच. स्पेक्ट्रोचा कॉम्प्युटर शनिवारी रात्री गेला होता. भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी त्याचा नाण्यासारखा छोटा नमुना पाडतात, घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून त्यावर ठिणगी पाडतात. त्या उजेडावरून कार्बन किती, सिलिकॉन किती ते कॉम्प्युटर सांगतो. ते आकडे नाहीत तर मंगळवारी सकाळी सातची हीट, म्हणजे भट्टीतल्या रसाचा घाणा, नाही.

जुन्या मदरबोर्डावरचे कपॅसिटर टम्म फुगले होते. मी राजारामपुरीतल्या दुकानातून एक सेकंडहँड बोर्ड आणला होता, एच११० चिपसेटचा, सहाव्या पिढीचा आय थ्री बसवलेला. मागं कॉम पोर्ट होता, कारण स्पेक्ट्रोची केबल सिरियल. एवढं बघून मी स्वतःवर खूश होतो. स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर विंडोज सेव्हनच्या पुढं चालत नव्हतं, आणि नव्या आवृत्तीचं कोटेशन मालकांनी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलेलं होतं. सेव्हनची खोक्यातली मूळ डीव्हीडी मात्र त्यांनी जपून ठेवली होती, कीसकट. जुन्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून नव्याला लावला आणि सुरुवात केली.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, कीबोर्ड झकास चालला. डीव्हीडीवरून बूट करायला 'कोणतीही की दाबा' आलं, दाबली, त्यानंही ऐकलं. चार रंगांचे ठिपके फिरत एकत्र आले, भाषा निवडायची खिडकी आली, आणि तिथं सगळं ठप्प.

कीबोर्ड बदलला. पोर्ट बदलला, पुढचे दोन, मागचे चार. आमच्या पोराला दुकानात पिटाळून तिसरा कीबोर्ड मागवला. बायोसमध्ये जाऊन यूएसबी लेगसी सपोर्ट चालू, बंद, परत चालू. हँड-ऑफ नावाचा एक पर्याय होता, तोही दोन्ही बाजूंनी करून बघितला. मालक मागं उभे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, केबल काढली आणि त्याच पोर्टात खुपसली.

"हे बघा, चार्जिंग व्हतंय. म्हंजे पोर्ट चालू हाय न्हवं?"

बरोबर होतं त्यांचं. पोर्टात पाच व्होल्ट येतच होते. पण वीज येणं वेगळं आणि त्या वायरीतून कोण काय म्हणतंय ते ऐकणारं आत कुणी असणं वेगळं. हे मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त "व्हय, व्हय" म्हणालो.

नंतर एकदा हात बाजूला ठेवून नुसतं बघितलं. आधीच्या सहा-सात वेळी मी पडद्याकडं बघत होतो, या वेळी कीबोर्डाकडं बघितलं. बायोसमध्ये नम लॉकचा हिरवा दिवा चालू. डीव्हीडी फिरायला लागली, दिवा चालू. ठिपके एकत्र येत होते, आणि खिडकी उमटायच्या जरा आधी दिवा फट्‌दिशी विझला.

कीबोर्ड खराब असता तर दिवा बायोसमध्येच लागला नसता. म्हणजे बायोसच्या हातातून कारभार विंडोजच्या हातात जातो त्या क्षणाला काहीतरी तुटत होतं. आणि मग डोक्यात तारखा जुळल्या. विंडोज सेव्हन आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. तेव्हा यूएसबी २ चा जमाना, आणि बोर्डावर ते पोर्ट सांभाळायला ईएचसीआय नावाचा कंट्रोलर असायचा. सेव्हनच्या डीव्हीडीत त्याचाच ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलायचा छोटा प्रोग्रॅम, आहे. यूएसबी ३ साठी पुढं एक्सएचसीआय आला. बरीच वर्षं बोर्डांवर दोन्ही शेजारीशेजारी नांदले, त्यामुळं कुणाला काही जाणवलं नाही. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर १०० सिरीजचे चिपसेट आले, त्यात इंटेलनं ईएचसीआय काढूनच टाकला. आता सगळे पोर्ट एक्सएचसीआयच्या ताब्यात, काळे असोत की निळे. बायोसजवळ स्वतःपुरता ड्रायव्हर असतो म्हणून तिथं कीबोर्ड चालतो. पुढं सेव्हन येतं, आणि त्याला या कंट्रोलरची ओळखच नाही. विंडोज एटपासून तो ड्रायव्हर आत येतो, म्हणून टेनवर हा त्रास मला कधी झालाच नव्हता. मी बदलले ते तिन्ही कीबोर्ड धडधाकट होते!

उपाय सोपा होता. बोर्डाच्या मागं एक गोल पोर्ट होता, अर्धा जांभळा, अर्धा हिरवा. पीएस टू. त्याचा यूएसबीशी काही संबंध नाही, सेव्हनला तो ठाऊक असतो. फक्त पीएस टू कीबोर्ड हवा. दुकानात एकही नव्हता. लक्ष्मीपुरीत भंगारवाल्याकडं मिळाला असता, पण शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

मग आठवलं, आणि अंगावर काटा आला. सकाळी जुना कॉम्प्युटर उचलताना त्याचा कीबोर्ड बघून मी नाक मुरडलं होतं. तेल, लोखंडाची पूड, भट्टीची वाळू, सगळं बसून काळाकुट्ट झालेला. गोल पिनचा. "हे फेक जा भंगारात," असं मीच पोराला सांगितलं होतं.

"टाकलास काय रं?"

पोरगं खाली बघायला लागलं. "न्हाई दादा. टेबल हालत हुतं, म्हणून पायाखाली घातलाय."

माझ्याच टेबलाखाली. तीन तास मी त्या कीबोर्डावर टेबल टेकवून यूएसबीचे कीबोर्ड बदलत होतो.

पिनांपैकी एक वाकली होती. बॉलपेनची रिकामी रिफील तिच्यावर चढवून हळूच सरळ केली. पीएस टू चालू मशीनला लावायचा नसतो, म्हणून सगळं बंद करून लावला आणि पुन्हा सुरू केलं. ठिपके एकत्र आले, खिडकी आली, दिवा तसाच. टॅब, टॅब, एंटर. पुढं सरकलं! बाकी इन्स्टॉलेशन टॅब, बाण आणि स्पेसवर झालं. पंचवीस अक्षरांची की टाकताना 'बी' काही केल्या उमटेना. अंगठ्यानं सगळा भार दिला तेव्हा उमटला.

डेस्कटॉप आला तेव्हा चार वाजले होते. माऊस अर्थातच मेलेला. यूएसबी ३ चा ड्रायव्हर माझ्या पेन ड्राइव्हवर होता, आणि पेन ड्राइव्ह यूएसबीचा. नेटवर्कचा ड्रायव्हरही त्याच पेन ड्राइव्हवर. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली. बोर्ड सेकंडहँड, त्याची ड्रायव्हरची डिस्क आधीच्या मालकाबरोबर गेलेली.

ऑफिसात एकच दुसरा कॉम्प्युटर होता, टॅलीचा. त्यापुढं अकौंटंट अण्णा बसलेले, सुट्टीचे, कारण मार्च एंडिंग.

"माझ्या मशीनला हात लावायचा न्हाई," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले.

मालकांनी मध्यस्थी केली. अण्णांनी आधी टॅलीचा बॅकअप घेतला, मग दुसरा बॅकअप घेतला, मग परवानगी दिली. मी स्पेक्ट्रोच्या कॉम्प्युटरची एसएसडी काढून त्यांच्या मशीनला जोडली, ड्रायव्हरचं फोल्डर तिच्यावर कॉपी केलं आणि परत जागेवर लावली. सगळी मिळून पंधरा मिनिटं. अण्णा तेवढा वेळ हाताची घडी घालून उभे होते.

जुन्या कीबोर्डाला विंडोजची की नव्हती. कंट्रोल आणि एस्केप दाबून स्टार्ट मेनू उघडला, फोल्डरपर्यंत गेलो, सेटअप चालवला, रीस्टार्ट. माऊसचा बाण हलला तेव्हा आमच्या पोरानं शिट्टीच मारली.

घरी जाऊन मी पहिलं काम केलं ते डीव्हीडीची नवी प्रत तयार करायचं, ड्रायव्हर आत घातलेली. त्यात एक गंमत आहे. डीव्हीडीवरच्या बूट डॉट विम या फाईलमध्ये दोन इमेज, म्हणजे छोट्या विंडोजच्या दोन प्रती, असतात, आणि सेटअप चालतो तो दुसरीतून. मी पहिलीतच ड्रायव्हर घातला, आणि दुकानातल्या बोर्डावर चालवून बघितलं तर दिवा पुन्हा विझला. मग दुसरीतही घातला, जिच्यातून खरं विंडोज डिस्कवर उतरतं त्या इन्स्टॉल डॉट विममध्येही घातला, तेव्हा कुठं जमलं. हल्ली नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना टचपॅड मरतो, तिथंही गोम हीच: इन्स्टॉलरकडं त्याचा ड्रायव्हर नसतो. तिथं यूएसबीचा साधा माऊस लावला की भागतं.

त्या दिवशी फौंड्रीत साडेसहाला मालकांनी स्टँडर्ड सँपल, म्हणजे आकडे आधीच ठाऊक असलेला नमुना, ठेवून ठिणगी पाडली. कार्बनचा आकडा सर्टिफिकेटशी जुळला. मी बिल लिहून दिलं: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, नवा कीबोर्ड, नवा माऊस, मजुरी. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कीबोर्डाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यो कशाला? आमचा हाय की."

"मालक, त्याचा बी दाबत नाही."

"आमाला कार्बन लागतोय. तो 'सी'नं सुरू व्हतो."

ती ओळ खोडली.