तुम्ही विचारलंत म्हणून: सायटेशन्स भरपूर, मग राष्ट्रीय महत्त्वावर गाडी का अडते?

"पाचशे सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत माझ्या कामाचे संदर्भ) आहेत, पीएच.डी. नावाजलेल्या विद्यापीठाची आहे, तरी 'राष्ट्रीय महत्त्व दिसत नाही' असं पत्र का आलं?" अमेरिकेत ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या वर्गाखाली नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (राष्ट्रहितासाठी सूट) मागणारे, म्हणजे नोकरीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही असा कामगार खात्याचा दाखला) यांतून सूट मागत स्वतःच आय-१४० हा अर्ज भरणारे संशोधक हे हमखास विचारतात.

बहुतेक वेळा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिलेलं असतं. डिसेंबर २०१६ च्या धनसार निकालापासून (अशाच एका संशोधकाच्या अर्जावरचा इमिग्रेशन अपील कार्यालयाचा निकाल) कसोट्या तीन: हाती घेणार ते काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का, आणि सूट देणं देशाच्या फायद्याचं आहे का. सायटेशन्सची जागा मुख्यतः दुसरीत. पहिलीत तपासतात ते पुढचं काम, तुमची हुशारी नव्हे. खुद्द धनसार प्रकरणात हायपरसॉनिक संशोधन मान्य झालं, पण अध्यापन मोलाचं असूनही राष्ट्रीय महत्त्वाला उतरलं नाही. वर्गातल्या विद्यार्थ्यांपलीकडे, एकूण शिक्षणक्षेत्रावर त्याचा परिणाम कसा होतो, ते कागदपत्रांत नव्हतं.

दुसरी चूक, क्षेत्राचं महत्त्व आपल्या खात्यावर जमा करणं. बॅटऱ्या महत्त्वाच्या आहेत हे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पटवायची गरजच नसते. "मी बॅटरी-संशोधन सुरू ठेवीन" या वाक्यात त्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: "थंडीत वेगाने चार्ज करताना लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडवर धातूचा थर साचतो. तो सेल न उघडता ओळखणारं मॉडेल मी विकसित करणार आहे, आणि ते कोणत्याही उत्पादकाच्या चार्जिंग नियंत्रकात बसेल." यात अडचण आहे, उपाय आहे, आणि एका कंपनीबाहेर तो कसा जाणार हेही आहे. नेमका हा तिसरा तुकडा लोक गाळतात.

मग पुरावा त्या वाक्याला चिकटलेला हवा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने हीच अडचण नोंदवलेला दस्तऐवज असेल तर तो जोडा, पण शंभर पानं नकोत. संबंधित परिच्छेद खुणा करून द्या. सायटेशन्स इथे वापरायचीच, तर तुमची पद्धत खरोखर वापरून पाहणारे चार पेपर निवडा. प्रस्तावनेत ओझरता उल्लेख करणारे चाळीस नकोत. शिफारसपत्रांत "अत्यंत प्रतिभावान" नको, "आम्ही हे इथे वापरलं, त्यामुळे हे बदललं" हवं. तीन पत्रांत एकच वाक्य सापडलं की तिन्ही पत्रं हलकी होतात. (सापडतंच, कारण मसुदा एकाच लॅपटॉपवर झालेला असतो.)

"या क्षेत्रात माणसांचा तुटवडा आहे" हा मुद्दा इथे चालत नाही. तुटवड्याचा विचार करायला लेबर सर्टिफिकेशन आहे, आणि तुम्ही त्यातूनच तर सूट मागताय.

अधिक पुरावा मागणारं पत्र आलं तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. घाबरून नवा प्रकल्प घुसवू नका. पात्रता अर्ज केल्या दिवसाची पाहतात, आणि कामाचं स्वरूपच बदललेलं दिसलं तर ते मोजत नाहीत. जुनंच काम अधिक नेमकं मांडा.

आणि जन्म भारतातला असेल तर आय-१४० मंजूर झाला तरी ईबी-२ ची कित्येक वर्षांची रांग चुकत नाही. हाती येते ती रांगेतली तारीख, आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढवण्याची सोय.