आमची वाटचाल : मिठाच्या पाण्यातला अल्फा

आज आमच्या कंपनीत नऊ माणसं आहेत. सुरुवात झाली तेव्हा दोन होती, मी आणि माझा भागीदार. काम एकच, बंद पडलेली ईसीजी मशीनं दुरुस्त करणं. 'बंद पडलेली' हा शब्दही सैलच म्हणायचा. आलेली बरीचशी मशीनं ठणठणीत असायची. वायर आतून तुटलेली, इलेक्ट्रोडवरचं जेल वाळलेलं, नाहीतर क्लिपवर गंज चढलेला. आम्ही वायर बदलायचो, एक मिलिव्होल्टचा पल्स देऊन कागदावर बरोबर १० मिलिमीटर उंची येते का ते बघायचो, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतोय याची खात्री करायचो आणि मशीन परत द्यायचो.

त्या दोन वर्षांनी आम्हाला जे शिकवलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात सिग्नल ॲम्प्लिफायरपासून, म्हणजे तो मोठा करणाऱ्या सर्किटपासून, सुरू होतो. खरं तर तो कातडीपासून सुरू होतो, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. छातीवर मिळणारा हृदयाचा ठोका साधारण एक मिलिव्होल्टचा. डोक्यावर मिळणारा मेंदूचा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्याच्याही दहावा ते शंभरावा हिस्सा. कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्या जोडावर तयार होणारा स्थिर व्होल्टेज मात्र ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, असं धरूनच ॲम्प्लिफायर बांधावा लागतो. वर विजेच्या तारांमधून शरीरावर चढणारी ५० हर्ट्झची भुणभुण असतेच. ईसीजीचे जनक एंटोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी काढला तेव्हा त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं. यंत्र आता खिशात मावतं, पण कातडीचा प्रश्न त्यांच्याकडून जसाच्या तसा आमच्याकडे आला आहे. मिठाचं पाणीही आलं, पण ते पुढे सांगतो.

दुरुस्तीतून आम्ही स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवण्याकडे वळलो. पहिला बोर्ड पेटवला तेव्हा पडद्यावर हृदय कुठेच नव्हतं, नुसती ५० हर्ट्झची जाड पट्टी. उजव्या पायाला एक इलेक्ट्रोड का लावतात, हे परीक्षेत लिहून आम्ही दोघंही पास झालो होतो. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. सगळ्या शरीरावर सारखाच चढलेला व्होल्टेज मोजायचा, उलटा करायचा आणि त्या पायातून परत शरीरात सोडायचा. तार जोडली आणि पट्टी दोऱ्याएवढी बारीक झाली. अर्थात शरीरात काही सोडायचं म्हणजे सुरक्षेचा काटा आला. ज्या उपकरणाचा हृदयाशी थेट संबंध येऊ शकतो त्यातून नेहमीच्या स्थितीत रुग्णाकडे जाणाऱ्या गळती करंटची मर्यादा १० मायक्रोॲम्पिअर आहे. आमचं पहिलं डिझाइन त्यात बसलं नाही. वीजपुरवठ्याचं विलगीकरण नव्याने करण्यात वर्षभर गेलं. त्या वर्षाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग सॉफ्टवेअर. इथे आमची खरी फजिती सुरू झाली.

उरलीसुरली ५० हर्ट्झ काढायला आम्ही नॉच फिल्टर टाकला. फक्त तेवढीच वारंवारता कापायची, आजूबाजूचं काही जायला नको, म्हणून तो शक्य तितका अरुंद केला आणि स्वतःवर खूश झालो. आठवड्याने भागीदार म्हणाला, ''प्रत्येक क्यूआरएसच्या मागे हे शेपूट कसलं?'' फिल्टर जितका अरुंद, तितका तो एका धक्क्यानंतर जास्त वेळ झंकारत राहतो. क्यूआरएस म्हणजे ईसीजीतला ठोक्याचा उंच भाग, असा टोकदार धक्काच. आम्ही विजेची भुणभुण काढून तिच्या जागी स्वतःची बसवली होती.

पण तो किस्सा निदान ऑफिसातच राहिला. पुढचा चव्हाट्यावर आला. माणूस श्वास घेतो, कूस बदलतो, तशी ईसीजीची बेसलाइन, म्हणजे मूळ रेघ, वर-खाली तरंगते. ती सरळ दिसावी म्हणून आम्ही ०.५ हर्ट्झचा साधा हाय-पास, म्हणजे त्याखालचं मंद हलणं कापणारा फिल्टर, लावला. पडद्यावर रेघ अशी सुरेख आली की ती दाखवूनच आम्हाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. तीन आठवड्यांनी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ''तुमच्या मशीनवर मला सगळ्यांचाच एसटी खाली दिसतोय. माझासुद्धा. मी आत्ताच स्वतःचा काढून बघितला.''

एसटी म्हणजे क्यूआरएस संपल्यापासून त्यामागून येणारी टी लाट सुरू होईपर्यंतचा भाग. हृदयाला रक्त कमी पडतंय का, हे डॉक्टर तिथे बघतात. साधा ०.५ हर्ट्झचा फिल्टर क्यूआरएसनंतर रेघ खाली दाबतो, कारण मंद वारंवारता तो नुसत्या कमी करत नाही, त्यांना वेळेतही सरकवतो. सुक्याबरोबर ओलं जळतं तसा हा प्रकार. निदानासाठीच्या ईसीजीला ०.०५ हर्ट्झची सीमा का सांगतात, ते आम्ही वाचलं होतं. पण डोक्यात होतं की तो जुन्या काळचा अतिरेक आहे. २००७ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशींत तर वाटही दिली आहे. फेज बिघडवत नसाल, म्हणजे वारंवारता वेळेत सरकवत नसाल, तर डिजिटल फिल्टरची सीमा ०.६७ हर्ट्झपर्यंत वर नेता येते. त्याचा एक मार्ग म्हणजे सिग्नल थोडा साठवायचा, फिल्टरमधून एकदा पुढून आणि एकदा मागून न्यायचा, की सरकणं एकमेकांना फिटवतं. किंमत एवढीच की रेघ क्षणभर उशिरा दिसते. आम्ही ते केलं, पण ऑर्डर गेली ती गेलीच. आगाऊ घेतलेली रक्कम हप्त्यांनी परत केली. त्या बाई आजही आमच्या नव्या आवृत्त्या तपासून देतात, हे मात्र सांगायला हवं.

ठोके मोजण्यासाठी आम्ही १९८५ ची पॅन आणि टॉम्पकिन्स यांची पद्धत वापरतो, जगभर तिच्या पोरा-नातवंडांचाच वावर आहे. सिग्नल साधारण ५ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यातून गाळायचा, चढ-उताराचा वेग काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सरकत्या खिडकीत बेरीज घ्यायची. जो उंचवटा बदलत्या उंबरठ्याच्या वर गेला तो ठोका. एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंदांत दुसरा मोजायचा नाही, कारण हृदय तेवढ्यात पुन्हा पेटूच शकत नाही. आणि ३६० मिलिसेकंदांच्या आत काही आलं तर त्याचा चढ आधीच्या ठोक्याच्या निम्मा तरी आहे का ते बघायचं. नसेल तर ती टी लाट.

हा शेवटचा नियम आम्ही गाळला होता. चिप लहान होती, मेमरी संपत आली होती, आणि आमच्या सगळ्या चाचण्या त्याच्याशिवायही पास होत होत्या.

एका वॉर्डात मशीन चाचणीला ठेवलं होतं आणि मी शेजारी वही घेऊन उभा होतो. पडद्यावर १४८. रुग्ण शांतपणे भिंतीकडे बघत पडलेला. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं नाही, मशीनकडेही नाही. त्यांनी त्या माणसाचं मनगट हातात घेतलं, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि ओठ हलवत पूर्ण एक मिनिट मोजलं. मग म्हणाल्या, ''चौऱ्याहत्तर. दादा, तुमचं मशीन प्रत्येक ठोका दोनदा मोजतंय.'' त्या माणसाची टी लाट उंच आणि टोकदार होती. ती ठोक्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी येत होती, म्हणजे २०० च्या बाहेर आणि ३६० च्या आत. नेमकी त्या फटीत, जिथला पहारेकरी आम्ही कामावरून काढला होता. रात्री बसून दुसरीकडचं काहीतरी कापलं आणि तो नियम परत घातला. वहीच्या त्या पानावर सिस्टरनी लिहिलेलं '७४ हाताने' अजून आहे.

तुम्ही विचाराल, आधीच्या चाचण्या कशावर केल्या होत्या? एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहावर, या धंद्यातले सगळे करतात तशा. ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० नमुने, प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. फार मोलाचं काम आहे ते, आणि खुलं आहे. पण त्या नोंदी १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये टेपवर घेतल्या होत्या. तिथली वीज ६० हर्ट्झची. आमच्या ५० च्या नॉचला त्या नोंदींत काढायला भुणभुणच नव्हती आणि आम्ही समजत होतो की तो अगदी निरुपद्रवी आहे! तेव्हापासून नवा माणूस आला की त्याला आधी १०५ आणि १०८ क्रमांकाच्या नोंदी डोळ्यांनी बघायला बसवतो. १०५ मध्ये गोंगाट, १०८ मध्ये क्यूआरएसच्या आधी येणाऱ्या पी लाटा इतक्या उंच की ठोका कुठला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. टक्केवारी नंतर.

मेंदूकडे आम्ही हौसेने गेलो. आठ चॅनलचं ईईजी, म्हणजे मेंदूचे सिग्नल नोंदवणारं, मशीन करायचं ठरलं. सेकंदाला २४० नमुने घेत होतो, पण टॅबलेटला ते झेपेना, म्हणून पडद्यासाठी प्रत्येक चौथा नमुना ठेवायचा आणि बाकीचे टाकायचे असं केलं. भागीदाराच्या डोक्याच्या मागच्या भागावर इलेक्ट्रोड लावले, डोळे मिटायला सांगितले, आणि पडद्यावर झुळझुळीत १० हर्ट्झ. अल्फा! जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा सिग्नल पहिल्यांदा १९२४ मध्ये टिपला, त्यातल्या ८ ते १३ हर्ट्झच्या या लाटांना अल्फा नाव दिलं. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारली, फोटो काढले.

अल्फाचं लक्षण असं, की डोळे उघडले की तो मावळतो. आमचा मावळेना. भागीदार म्हणाला, ''मी फार शांत माणूस आहे.'' मी डोळे उघडे ठेवून बसलो, माझाही तसाच. आमच्याकडे तेव्हा शिकाऊ म्हणून एक मुलगी होती, तिने कुणाला न विचारता इलेक्ट्रोडचा जुडगा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकला. बादलीलाही अल्फा होता.

कारण शाळकरी होतं. चारांतले तीन नमुने टाकले की वेग २४० वरून ६० वर येतो. सेकंदाला ६० नमुन्यांत ३० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, ते दुमडून खाली येतं. ६० मधून ५० गेले, उरले १०. विजेची भुणभुण अचूक अल्फाच्या पट्ट्यात येऊन बसली होती. नमुने टाकण्याआधी वरच्या वारंवारता गाळायच्या, हा पहिल्या सत्रातला धडा, आणि दोन अनुभवी इंजिनिअर तो विसरले होते. बर्गर यांनी पहिल्या नोंदीनंतर लेख छापायला पाच वर्षं घेतली, आपण बघतोय ते मेंदूचंच आहे ना याची शंका त्यांना सोडत नव्हती. आम्ही पाच मिनिटंही थांबलो नव्हतो. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी कायम केलं. आज आमचा सगळा ईईजी विभाग ती बघते.

मधल्या काळात मशीन लर्निंगची लाट आली, आम्हीही तीत हात धुऊन घ्यायला गेलो. ठोक्यांचे प्रकार ओळखणारं मॉडेल पहिल्याच आठवड्यात इतकं अचूक निघालं की मला झोप लागेना. आनंदाने नव्हे. एकाच रुग्णाचे काही ठोके शिकवण्यात आणि काही परीक्षेत गेले होते, म्हणजे मॉडेल आजार नाही, माणूस ओळखत होतं. रुग्ण वेगळे केल्यावर आकडा धाडकन आपटला. पेसमेकरवाल्या चार नोंदी वगळून उरलेल्या ४४ ची २२-२२ अशी एक वाटणी संशोधनात रूढ आहे, ती आम्ही घेतली. आणि गंमत बघा, २०१ आणि २०२ या नोंदी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या वाटणीत एक इकडे आहे, एक तिकडे. आम्ही दोन्ही एका बाजूला ठेवतो.

विक्रीच्या बैठकीत आमचा माणूस अजून माझ्याशी भांडतो, कारण सिग्नल वाईट असेल तेव्हा आमचं मशीन आकडा दाखवत नाही. रिकामी चौकट आणि 'इलेक्ट्रोड तपासा', एवढंच. दुसऱ्यांची मशीनं काहीतरी दाखवतात, आणि खरेदी समितीसमोर रिकामी चौकट वाईट दिसते, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. काही ऑर्डरी त्यामुळे गेल्या. वॉर्डातून मात्र या चौकटीबद्दल तक्रार आलेली नाही, कारण सिस्टर आधी वायर बघतात आणि बहुतेक वेळा ती निघालेलीच असते.

बादली आम्ही ठेवली आहे. सॉफ्टवेअरची कुठलीही नवी आवृत्ती माणसावर लावण्याआधी आठ तास मिठाच्या पाण्यावर चालते. पाण्यात तिला काही दिसलं तर ती परत जाते. गेल्या आठवड्यात दुपारभर डेल्टा, म्हणजे मेंदूची मंद लाट, दिसत होता, सेकंदाला एक-दीड लाट, झोपलेल्या माणसासारखा. तिघांनी कोड पिंजून काढला. शेवटी कुणीतरी पंखा बंद केला आणि बादलीतला डेल्टा हळूहळू थांबला. पंख्याच्या वाऱ्याने केबल हलत होती. तिला चिकटपट्टीने टेबलाशी बांधली आणि आठ तासांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं.