बेरीज नऊ

स्कूटरला नंबर मिळाला २००५. आईने कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या बेरीज केली. "सात. नऊ आली असती तर बरं झालं असतं." विषय तिथेच संपला. माझा मात्र रोज सिग्नलला सुरू होतो.

खेळ देवळालीच्या एका शाळामास्तरांचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. पुढे शून्य आलं तर ते टाकायचं नाही, त्यालाही रांगेत उभं करायचं.

माझ्या स्कूटरचं पाहा. ५२०० वजा ००२५, आले ५१७५. ७५५१ वजा १५५७, ५९९४. मग ५३५५. मग १९९८. इथवर हातचे घेता घेता सिग्नल सुटतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. पुढच्या चौकात ८०८२, मग ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४च. गाडी स्टँडला लागली! सातच्या वर पायऱ्या कुणालाच लागत नाहीत; म्हणजे माझी स्कूटर सगळ्यात लांबच्या वाटेने जाणाऱ्यांतली. (आईची बेरीजही सातच होती, पण हा निव्वळ योगायोग.)

हे कापरेकरांना १९४९ मध्ये सापडलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर गेलं. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो, त्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' असं लाडकं नाव दिलं होतं. ६१७४ हीसुद्धा हर्षदच. बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. शिवाय १८, अठराचा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीज करा: ६१७४. हे पहिल्यांदा कागदावर जमलं तेव्हा मी चहा तसाच गार होऊ दिला.

आणि आईची नऊ? ती पहिल्याच वजाबाकीत मिळते. दोन्ही रकमांत आकडे तेच, म्हणून नऊने भागल्यावर बाकीही तीच. वजा केलं की बाकी उडते आणि उरतो तो नऊच्या पटीतला आकडा. ५१७५ ची बेरीज करून बघा. १८, म्हणजे पुन्हा नऊ. आईला सांगितलं. ती म्हणाली, "पण पाटीवर कुठे आहे?"

परवा शेजारचे काका पेढे घेऊन आले. नवी गाडी. आरटीओत पसंतीच्या क्रमांकाचे वेगळे पैसे भरून ७७७७ मिळवला होता. किती भरले ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आईने कौतुकाने मान हलवली. मी मनातल्या मनात चार सात उतरत्या क्रमाने मांडले, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी केली.

"अभिनंदन, काका," म्हटलं, आणि दुसरा पेढा उचलला.